मी जिथे चिकटलो नाही

मी एक जुना लोहचुंबक आहे. काळा, चपटा, बांगडीसारखा गोल आणि मधोमध भोक असलेला. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण माझ्या जातभाईंशी खेळले असतील. टाचण्या उचलल्या असतील, वाळूतून लोखंडाचा कीस वेगळा काढला असेल. माझ्या वाट्याला मात्र खेळ आला नाही. माझे बहुतेक आयुष्य जुन्या गाड्यांची किंमत ठरवण्याच्या कामात गेले. त्या कामात मी एक गोष्ट अशी पाहिली, की ती सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाच्या गंजाची बारीक पूड साच्यात दाबून मला आकार दिला आणि मग भट्टीत भाजून काढले. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा मी नुसता एक काळा दगड होतो. नंतर मला तारेच्या वेटोळ्यात ठेवून क्षणभर जोराची वीज सोडली आणि माझ्या अंगात ओढ आली. गंजातून जन्मलो आणि पुढे जन्मभर गंजच शोधत राहिलो, असे माझे नशीब.

सुरुवातीची वर्षे मी एका मोटारीच्या दारात, रेडिओच्या कर्ण्यामागे बसून काढली. गाणी ऐकली, बातम्या ऐकल्या, नवरा-बायकोची भांडणेही ऐकली. पुढे ती मोटार एका वळणावर उलटली. माणसे वाचली, मोटार भंगारात गेली. तिथे एक गृहस्थ वाकून वाकून एकेक गाडी न्याहाळत फिरत होते. त्यांनी फुटक्या कर्ण्यातून मला उचकटून काढले, तळहातावर तोलले आणि खिशात टाकले.

त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. त्यांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या, की त्यांचे डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी आणून बसवल्यासारखे वाटत. कुणाला हौसेची, दुर्मीळ, जुनी गाडी विकायची असली, की तिची आजच्या बाजारात खरी किंमत काय येईल, हे ते ठरवून देत. त्यांचा अहवाल हातात असला की घेणारा दुसरा प्रश्न विचारत नसे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गाडीच्या रंगावर ओरखडा उठू नये म्हणून मला मखमलीचा अंगरखा शिवला आणि माझ्या भोकातून एक दोरी ओवली. त्या दिवसापासून मी कामाला लागलो.

माझे काम काय, ते सांगतो. गाडीचा पत्रा गंजून सडला, तर सडका भाग कापून नवे लोखंड जोडावे लागते. ते खर्चाचे आणि वेळेचे काम. म्हणून काहीजण भोकात पुट्टी भरतात, घासून गुळगुळीत करतात आणि वरून रंग मारतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. भिंगकाका मला पत्र्यावर ठेवून हळूहळू सरकवत. खाली लोखंड असले की मी घट्ट बसे. पुट्टी आली की माझी पकड सुटे आणि मी दोरीला लोंबकळे. एवढेच. मला खोटे बोलता येत नाही. तो माझा चांगुलपणा नव्हे, माझी घडणच तशी आहे.

भिंगकाकांचा सगळ्यात जास्त जीव होता तो उघड्या गाड्यांवर. दोन माणसांच्या, बुटक्या, लांब नाकाच्या, वेगाने पळणाऱ्या त्या गाड्या. त्यांचा टप कापडाचा असतो आणि तो मागे दुमडून ठेवला की डोक्यावर थेट आभाळ. पण भिंगकाका म्हणत, बंद गाडीला तिचे छत धरून ठेवते. या गाडीला छत नाही. म्हणून पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचा सारा भार दोन्ही दारांखालच्या पोकळ लोखंडी पट्ट्यांवर येतो. त्या पट्ट्या गेल्या, तर जोराच्या धक्क्याने गाडी मधोमध मोडते, आणि तिच्या मधोमध बसलेली असतात माणसे. त्यामुळे उघडी गाडी आली की ते आधी जमिनीवर गुडघे टेकत आणि मला पट्टीखाली लावत. बाकीचे सगळे नंतर.

ती माझी भरभराटीची वर्षे होती. भिंगकाका लोकांना सांगत, "खरा डोळा हा आहे. चष्मा नुसता नाकाला काम द्यायला." लोक हसत आणि मला हातात घेऊन बघत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग एक यंत्र आले. साबणाच्या वडीएवढे, पांढरे, छोट्या पडद्याचे. पत्र्याला टेकवले की रंग आणि पुट्टी मिळून थर किती जाड आहे, ते आकड्यात दाखवी. शिवाय प्रत्येक आकडा तारीख-वेळेसह पोटात साठवून ठेवी. भिंगकाकांनी मला टेबलाच्या खणात ठेवले. तिथे मी दोन वर्षे एक सुकलेले पेन आणि फुटकी पट्टी यांच्या सोबतीने काढली. माझ्या अंगरख्यावर धूळ बसली. विसरले जाणे म्हणजे काय, ते मला त्या खणात कळले.

या दोन वर्षांत भिंगकाकांच्या मुलीचे लग्न झाले. मुलगी चांगली सहा फुटी नवऱ्याच्या कानाला लागेल इतकी उंच, तरी घरात सगळे तिला चिमणीच म्हणत. तिच्या सासऱ्यांना लोक कप्तान म्हणून ओळखत, कारण त्यांनी तीस वर्षे मालवाहू जहाजे चालवली होती. बायको गेल्यावर ते एकुलत्या मुलाबरोबर राहत आणि घरही जहाजासारखेच चालवत. चपला एका रेषेत, घड्याळे सेकंदाला जुळलेली, कपाटात ठेवलेल्या कपांचे कान एकाच दिशेला. आमची चिमणी वस्तू जिथे हातातून सुटेल तिथे ठेवणारी. तिचे पहिले सहा-सात महिने फार जड गेले, हे मला काकूंच्या फोनवरच्या बोलण्यावरून खणात बसल्या बसल्या कळत होते.

या कप्तानांकडे एक उघडी गाडी होती. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, बदामी चामड्याच्या बैठकीची. तरुणपणी त्यांनी ती बायकोसाठी घेतली होती. आता गुडघे दुखायला लागले होते, आणि गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसायचे म्हणजे जमिनीवरच बसल्यासारखे. म्हणून त्यांनी ती विकायची ठरवली. एक दंतवैद्य घ्यायला तयार होता. भिंगकाकांनी तपासून किंमत लिहून दिली की तो पैसे मोजणार होता. अर्थातच कप्तानांनी आपल्या व्याह्यांनाच बोलावले.

आदल्या संध्याकाळी चिमणीचा फोन आला. कप्तानांना ती अप्पा म्हणे. मी खणात होतो आणि फोन टेबलावर, त्यामुळे मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाबा, उद्या गाडीत फार खोट काढू नका हं. अप्पांचा जीव आहे तिच्यात. आत्ता कुठे ते माझ्याशी नीट बोलायला लागलेत."

भिंगकाका म्हणाले, बघतो.

सकाळी त्यांनी खण उघडला. आत पुढे यंत्र होते आणि मागे कोपऱ्यात मी होतो. त्यांचा हात आधी यंत्राकडे गेला, तिथे थांबला, आणि मग त्यांनी मला उचलले. धूळ झटकली आणि शर्टाच्या खिशात टाकले. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. शेवटी आपलीच आठवण आली, असे मला वाटले. यंत्र आकडे लिहून ठेवते आणि मी काहीच लिहून ठेवत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही.

कप्तानांनी गाडी बंगल्यापुढच्या फरशीवर काढून ठेवली होती. नवा रंग इतका चकाकत होता, की भिंगकाकांचा चेहरा तिच्या दारात दिसत होता. त्यांनी इंजिनवरचा आकडा आणि सांगाड्यावरचा आकडा कागदांशी जुळवून पाहिला. दोन्ही मूळचेच होते. त्याने किंमत वाढते. इंजिन चालू केले, ते एका दमात लागले. टप उघडला, मिटला. कापड धड होते, मागची प्लास्टिकची खिडकी तेवढी पिवळी पडली होती. पुढच्या झाकणावर मी घट्ट बसलो, मागच्या झाकणावरही बसलो. कप्तान हात मागे बांधून एकेक पाऊल बरोबर चालत होते आणि त्या दंतवैद्याबद्दल सांगत होते. माणूस सज्जन आहे, तीन मुलांचा बाप आहे, असे काहीतरी.

मग भिंगकाकांनी चालकाच्या बाजूचे दार उघडले. उघडताक्षणी दार नखभर खाली बसले. बंद करताना ते किंचित उचलून ढकलावे लागले. दाराच्या मागची फट वर अरुंद होती आणि खाली रुंद. गाडी मधेच खचायला लागली आहे, याची ती खूण. भिंगकाकांचा श्वास एकदम हळू झाला. छातीवरच्या खिशात राहून राहून मला त्यांचे श्वास ओळखता येत.

त्यांनी गुडघे टेकले आणि मला दाराखालच्या पट्टीला लावले. मी घसरलो. त्यांनी मला हातभर पुढे लावले. मी घसरलो. मागच्या चाकाजवळ लावले, तिथेही घसरलो. पलीकडच्या बाजूला जाऊन त्यांनी तेच केले आणि तेच झाले. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मला धरून ठेवील एवढे लोखंड त्या पट्ट्यांत कुठेच उरले नव्हते.

"काय म्हणतात पट्ट्या?" कप्तानांनी वरून विचारले.

त्याच वेळी चिमणी चहा घेऊन बाहेर आली. ट्रेमधल्या तिन्ही कपांचे कान एका दिशेला होते. तिने वडिलांकडे पाहिले. भिंगकाकांनी मला पुन्हा पट्टीला लावले आणि या वेळी माझ्या पाठीवर अंगठा दाबून धरला. मी पडलो नाही. पाहणाऱ्याला वाटावे, चांगला घट्ट बसलाय.

"ठीक आहेत," ते म्हणाले.

त्यांच्या अंगठ्याखाली मी पुट्टीला टेकलेला होतो. एवढ्या वर्षांत त्यांनी मला असे कधी धरले नव्हते. घरी जाऊन त्यांनी अहवाल लिहिला. इंजिन, रंग, टप, बैठक, कागदपत्रे अशी एकेक ओळ भरली. 'सांगाडा' या शब्दापुढे पेन बराच वेळ थांबले आणि मग त्यांनी लिहिले, उत्तम. खाली आकडा टाकला. तेवढ्या पैशांत चांगले दोन खोल्यांचे घर आले असते. काकूंनी विचारले, कशी आहे गाडी? ते म्हणाले, दातांचे डॉक्टर काय, रविवारी चौकापर्यंत नेतील आणि परत आणतील. काकूंना त्या उत्तराचा काही बोध झाला नाही. त्यांनी गाडी कशी आहे, हे विचारले होते.

पुढच्या रविवारी कप्तानांनी दोघांना जेवायला बोलावले. मी अजून त्यांच्या खिशातच होतो, कारण भिंगकाकांनी मला परत खणात ठेवलेच नव्हते. जेवण होत आल्यावर कप्तानांनी अहवाल काढला, चष्मा लावून पुन्हा एकदा वाचला आणि घडी करून ताटाशेजारी ठेवला.

"दंतवैद्याला नाही म्हणून कळवलंय," ते म्हणाले. "इतकी चांगली गाडी परक्याच्या दारात का लावायची? पोरांना देतो. तुमच्या सहीवर निर्णय घेतला, व्याहीबुवा."

चिमणी खुर्चीतून उठली आणि तिने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. कप्तानांना असे काही अपेक्षित नसावे. ते गडबडले आणि त्यांनी पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. तिचा नवरा सांगत होता, येत्या शनिवारी दोघे डोंगरावर थंड हवेला जाणार, टप उघडा ठेवून, वर पोचेपर्यंत चाळीस वळणे आहेत. भिंगकाकांच्या हातातला घास हातातच राहिला होता. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले.

सोमवारी त्यांनी जावयाला फोन करून सांगितले, की टायर जुने आहेत, आधी बदला. जावई म्हणाला, अप्पांनी गेल्याच महिन्यात नवे बसवलेत. मंगळवारी सांगितले, की डोंगरावरचा रस्ता खराब झाल्याचे ऐकतो. जावयाच्या मित्राने तो आठवड्यापूर्वीच पाहिला होता, रस्ता गुळगुळीत होता.

बुधवारी भिंगकाका त्या गाडीचे काम करणाऱ्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये तो एका दाराला घासकागद मारत होता. त्याने हात थांबवला नाही. म्हणाला, चकचकीत करून द्या म्हणाले, मी चकचकीत करून दिली. भिंगकाकांनी विचारले, पट्ट्यांच्या आत काय आहे?

"आत काहीच नव्हतं साहेब. वर्तमानपत्रं कोंबली, वर जाळी लावली, वर पुट्टी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

एवढे बोलून तो पुन्हा घासू लागला.  गुरुवारी त्यांनी कप्तानांना फोन लावला. तिकडून आवाज आल्यावर त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, की चाकांत हवा किती ठेवावी हे मुलांना सांगून ठेवा. कप्तानांनी आभार मानले. फोन ठेवल्यावर भिंगकाकांचा हात खिशावर आला आणि त्यांनी मला कापडावरूनच मुठीत घट्ट धरले. शुक्रवारी ते दिवसभर खिडकीपाशी बसून राहिले. माझी काय अवस्था झाली होती, ते मी कसे सांगू? मला सगळे ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

शनिवारी सकाळी चिमणीचा फोन आला, की आम्ही दहाला निघतोय. आवाजातून ती हसत असल्याचे कळत होते. भिंगकाकांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसले. साडेनऊ वाजून गेले होते. काकू समोर भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

"आठ दिवस बघतेय. काय ते सांगा."

त्यांनी सांगितले. चार वाक्यांत सांगून झाले.  काकूंनी लगेच चिमणीला फोन लावला, तर तो वाजत राहिला. जावयाचा लावला, तोही वाजत राहिला. दोघे सामान लावत असतील.

"मग इथे काय बसलात? उठा."

रिक्षात काकू सारखा फोन लावत होत्या. दोन सिग्नल लागले. दुसऱ्याला भिंगकाका उतरून पळायलाच निघाले होते, काकूंनी त्यांना दंडाला धरून बसवले. बंगल्याच्या वळणावर आम्हाला गाडीचे इंजिन ऐकू आले.

गाडी फाटकातच होती. टप मागे दुमडलेला, मागे बॅगा बांधलेल्या. चिमणीने केसांना रुमाल बांधला होता आणि जावयाचा हात गिअरवर होता. कप्तान फाटक उघडून धरून उभे होते. भिंगकाका रिक्षातून उतरून सरळ गाडीपुढे जाऊन उभे राहिले.

"उतर," ते चिमणीला म्हणाले.

ती आधी हसली, मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. कप्तान पुढे आले. काय झाले, असे त्यांनी शांतपणे विचारले.

"मी लिहिलेला अहवाल खोटा आहे."

 जावयाने इंजिन बंद केले. भिंगकाकांनी खिशातून मला काढले, दारावर लावले, मी बसलो. चाकावरच्या पत्र्यावर लावले, तिथेही बसलो. मग ते फरशीवर गुडघे टेकून वाकले आणि मला दाराखालच्या पट्टीला लावून त्यांनी हात काढून घेतला. या वेळी त्यांनी दोरीही धरली नव्हती. मी सरळ खाली फरशीवर आपटलो आणि माझी एक कड तुटून पडली. आम्ही भाजलेल्या मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ असतो. पण खरे सांगतो, आठ दिवसांत मला पहिल्यांदा बरे वाटले.

कप्तान म्हणाले, जुन्या गाडीत थोडीफार पुट्टी असायचीच, त्यासाठी इतका गोंधळ कशाला. बोलणे अगदीच चूक नव्हते. भिंगकाकांनी गाडीच्याच हत्यारांच्या पिशवीतून पेचकस काढला, पट्टीवर टेकवला आणि तळहाताने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तेव्हा त्याच्याबरोबर तपकिरी पापुद्रे आले आणि ओलसर वर्तमानपत्राचा एक बोळा आला. बोळ्यावर अर्धवट सोडवलेले शब्दकोडे होते.

चिमणी उतरायला म्हणून दार उघडून बाहेर आली. तिच्या पावलाचा भार पट्टीवर पडला. आतून कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि गाडी बोटभर खाली बसली. जावईही पटकन बाहेर आला. त्याने दार लावायला घेतले, ते लागेना. उचलून लावले, तरी लागेना. ते दार परत लागलेच नाही.  चाळीस वळणांच्या डोंगराकडे जाणारा रस्ता फाटकाच्या बाहेर सुरू होत होता.

"हे तुम्हाला त्या दिवशी दिसलं नव्हतं?" कप्तानांनी विचारले.

"दिसलं होतं."

"मग?"

 मुलीचे नाव भिंगकाका घेणार नव्हते, हे मला कळत होते. पण चिमणीने केसांचा रुमाल सोडला आणि ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"मीच त्यांना सांगितलं होतं, अप्पा. खोट काढू नका म्हणून. मला तुमची भीती वाटते."

मित्रांनो, मी पुष्कळ लोखंड पाहिले आहे. त्या मुलीइतके खणखणीत फार थोडे पाहिले.

कप्तानांनी तिच्याकडे पाहिले, मग उकरलेल्या पट्टीकडे पाहिले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि ते एकमेकांना घट्ट धरून होते. मग ते भिंगकाकांकडे वळले.

"आणि दंतवैद्याला दिली असती तर? तुम्ही आज आला असतात?"

 उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. तीन मुलांचा बाप ती गाडी घेऊन गेला असता आणि आम्ही घरी बसून राहिलो असतो. कप्तान आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. काकूंनी मला फरशीवरून उचलले, माझा तुटलेला तुकडाही शोधून काढला आणि दोन्ही पदराला बांधले.

तीन आठवडे कप्तान त्या घरात कामापुरतेच बोलत. मग एका दुपारी त्यांनी चिमणीला हाक मारली आणि विजेरी धरायला सांगितले. त्यांनी गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली पडून ते सगळी पुट्टी स्वतःच्या हातांनी उकरत होते. चिमणीने विजेरी धरली. ती काकूंना फोनवर म्हणाली, दोन तासांत ते एकदाच बोलले, "थोडी डावीकडे." पण ते रागावून बोलले नाहीत. गाडी अजून त्या ठोकळ्यांवर आहे. व्याही-व्याही भेटले की हवापाण्यावर बोलतात.

भिंगकाकांनी मात्र नवी कामे घेणे थांबवले. कप्तानांचा तो प्रश्न त्यांना सोडीना. त्यांनी जुने अहवाल काढले आणि एकट्या उघड्या गाड्यांचे अकरा अहवाल वेगळे केले. प्रत्येकापुढे बसून ते आठवत, या गाडीच्या पट्ट्या मी खरोखर तपासल्या होत्या का? मग ते मला घेऊन त्या त्या घरी जात, मालकाची परवानगी मागत आणि गुडघे टेकत. नऊ गाड्या धड निघाल्या. दहावी मोडीत निघून गेली होती.

अकरावी पिवळी होती. तिची आठवण मलाही आहे, आणि ती तुम्हाला सांगताना मला लाज वाटते. तिची किंमत ठरवली त्या दिवशी मालकाने नुकतेच गॅरेज धुतले होते. जमीन ओली होती. भिंगकाकांना तिथून परस्पर एका लग्नाला जायचे होते, म्हणून त्यांनी नवी कोरी पॅन्ट घातली होती. ते खाली वाकलेच नाहीत. मी खिशातच राहिलो. सांगाड्यापुढे त्यांनी 'उत्तम' लिहिले, आणि त्या एका शब्दावर ती गाडी विकली गेली.

तेव्हापासून ती तीनदा हात बदलून गेली आहे. पहिला मालक दुसऱ्याचा पत्ता देतो, दुसरा तिसऱ्याचा. तिसऱ्याने ती एका तरुण जोडप्याला दिली, आणि त्यांनी घर बदलले आहे. भिंगकाका रोज सकाळी फोन घेऊन बसतात. चिमणी सुटीच्या दिवशी त्यांना आपल्या साध्या, छत असलेल्या गाडीतून गावोगावच्या गॅरेजांत घेऊन जाते. ती गाडी अजून सापडलेली नाही.

तिच्या पट्ट्या शाबूतही असतील. मी त्यांना लागलोच नाही, तर मला काय ठाऊक? पण आज हवा छान आहे, रस्ते कोरडे आहेत, आणि अशा दिवशी माणसे उघड्या गाडीचा टप मागे टाकतात.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. चकचकीत पिवळी, बुटकी, दोन माणसांची गाडी कुठे उभी दिसली, तर तिच्या रंगाचे कौतुक करून पुढे जाऊ नका. मालकाला थांबवा. त्याला सांगा, आधी जमिनीवर गुडघे टेकून दाराखाली बघा. कपडे मळतील. मळू द्या.